मास्टर बेटी : एक हंगाम आणि पन्नास वर्षं

काही वर्षांपूर्वी डेव्हिड गॅरिक या इंग्लिश नटावर लेख लिहिताना मी शेवटाकडे एका मुलाला दोन ओळींत निकालात काढलं होतं. गॅरिक गेल्यावर पंचवीस वर्षांनी लंडनला तेरा वर्षांच्या एका पोराचं वेड लागलं आणि वर्ष-सव्वा वर्षात ते उतरलंही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. लेख छापून आला. कुणी हरकत घेतली नाही. पुढे हॅझलिटचे निबंध वाचताना, मॅक्रीडीच्या आठवणी वाचताना तो मुलगा पुन्हा पुन्हा समोर येत राहिला आणि दर वेळी माझं ते वाक्य मला अधिकच उथळ वाटू लागलं. वेड लागलं होतं हे खरं. पण ते कुणाला लागलं, त्यात कुणाचा फायदा होता आणि वेड उतरल्यावर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं, हे मी पाहिलंच नव्हतं. हा लेख म्हणजे त्या दोन ओळींची दुरुस्ती आहे.

बेलफास्टमधला हट्ट

विल्यम हेन्री वेस्ट बेटी १३ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी इथे जन्मला. वडिलांचं घराणं आयर्लंडमधल्या लिझबर्नचं. आजोबा तिथे डॉक्टर होते. मुलगा लहान असतानाच कुटुंब आयर्लंडला गेलं आणि बेलफास्टच्या दक्षिणेला बॅलिनाहिंच गावाजवळ राहू लागलं. वडील तिथे शेती आणि लिननचा व्यवसाय बघत. आईला उतारे पाठ करून नीट आवाजात म्हणून दाखवण्याची आवड होती. मुलाला वाचिक अभिनयाचे पहिले धडे तिच्याकडूनच मिळाले.

१८०२ मध्ये सेरा सिडन्स बेलफास्टला प्रयोगासाठी आल्या. इंग्लिश रंगभूमीवर त्या वेळी त्यांच्या तोडीची नटी नव्हती. जर्मन नाटककार कोत्सेबू याच्या नाटकावरून शेरिडनने केलेल्या 'पिझारो'त त्या एल्व्हिरा करत. वडिलांनी अकरा वर्षांच्या मुलाला ते नाटक दाखवलं. मुलगा घरी आला तो एल्व्हिराची भाषणं म्हणतच, आणि नट झालो नाही तर मी मरून जाईन असं त्याने बापाला सांगितलं. ही हकिकत बेटीच्या चरित्रांतून ठरलेली आहे.

मला या हकिकतीबद्दल एवढंच म्हणायचं आहे की ती आपल्यापर्यंत मुलाकडून आलेली नाही, मोठ्यांकडून आली आहे. बेटीची पहिली चरित्रं त्याच्या लंडनमधल्या हंगामातच, तिकिटं विकली जात असताना छापली गेली. मुलाचा हट्ट खरा असेल. त्या वयाच्या मुलाचा हट्ट खोटा कशाला असेल? पण असे हट्ट घरोघर असतात. ते ऐकून बाप मुलाला थेट नाटकगृहाच्या मॅनेजरकडे घेऊन जातो, हे मात्र घरोघर होत नाही.

बेलफास्टच्या नाटकगृहाचा मॅनेजर होता ॲटकिन्स. त्याने मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपल्या प्रॉम्प्टरला, टॉमस हफला, बोलावलं. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत वही धरून उभा राहणारा माणूस. अनेक नटांच्या अनेक भूमिका त्याला तोंडपाठ असतात. कोण कुठल्या शब्दावर थांबतो, कोणता हात कधी उचलतो, हे त्याने रोज पाहिलेलं असतं. हफने ही सगळी पुंजी त्या मुलाच्या हवाली केली. बेटीच्या अभिनयात पुढे जे जे लोकांना दिसलं, त्यातलं किती मुलाचं आणि किती हफचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. लंडनने मात्र हफचं नाव फारसं लक्षात ठेवलं नाही.

ऑगस्ट १८०३ मध्ये बेटी पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. नाटक होतं व्होल्तेरच्या मूळ नाटकावरून इंग्रजीत आलेलं 'झारा' आणि भूमिका सुलतान ऑस्मानची. वय अजून बारा पूर्ण झालेलं नव्हतं. त्याआधी महिनाभरच, जुलैमध्ये, डब्लिनला रॉबर्ट एमेटचा उठाव झाला होता. आयर्लंडमध्ये संचारबंदी होती, नाटकगृहं ओस पडली होती. बेटीच्या खेळासाठी बेलफास्टमध्ये त्या रात्री संचारबंदी एक तास उशिरा सुरू करण्यात आली, असं सांगतात. मॅनेजरच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ आहे. लोक घराबाहेर पडायला घाबरत होते आणि त्यांना बाहेर काढील असं काहीतरी त्याला हवं होतं.

पुढच्या काही दिवसांत बेटीने 'डग्लस'मधला यंग नॉर्व्हल, 'पिझारो'मधला रोला आणि रोमिओ केला. नोव्हेंबरमध्ये डब्लिन, मग कॉर्क आणि आयर्लंडमधली इतर गावं. १८०४ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंड. एडिंबरोला 'डग्लस'चा लेखक जॉन होम स्वतः प्रयोगाला आला होता. तो तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. नाटक रंगभूमीवर येऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती आणि या काळात त्याने कितीतरी नॉर्व्हल पाहिले होते. आपल्या मनातला नॉर्व्हल आज प्रथमच पाहिला, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. हे मत लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे.

स्कॉटलंडहून बर्मिंगहॅम, शेफील्ड, लिव्हरपूल. शेफील्डला जाण्यासाठी आसपासच्या गावांतून खास घोडागाड्या सोडल्या जात. बर्मिंगहॅमचं नाटकगृह चालवणाऱ्या विल्यम मॅक्रीडीने या मुलाची खबर लंडनच्या व्यवस्थापकांच्या कानावर घातली. लंडनमधली दोन्ही मोठी नाटकगृहं मुलाच्या बापाशी बोलणी करू लागली.

१ डिसेंबर १८०४

कॉव्हेंट गार्डनला बेटीचा पहिला प्रयोग शनिवारी, १ डिसेंबर १८०४ रोजी झाला. दारं उघडायची संध्याकाळी, पण सकाळपासूनच माणसं जमू लागली. दुपारपर्यंत भोवतालचे रस्ते भरले. गर्दी आवरायला सैनिक आणावे लागले. दारं उघडल्यावर काही मिनिटांत नाटकगृह भरलं. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त बाकांवर, जागा मिळणार नाही हे ओळखून काही लोकांनी बॉक्सची महाग तिकिटं काढली आणि बॉक्समधून खाली पिटमध्ये उड्या मारल्या. गुदमरून बेशुद्ध पडलेल्यांना हातावर उचलून वर बॉक्समध्ये ओढून घ्यावं लागत होतं. पहिल्या अंकात नट बोलत होते, पण एक शब्द ऐकू येत नव्हता.

बेटीचा प्रवेश दुसऱ्या अंकात होता. नाटक होतं 'बार्बारोसा' आणि भूमिका राजपुत्र ॲखमेतची. एका जुलमी माणसाने बापाचं राज्य बळकावलं आहे, आणि मुलगा सेलिम हे नाव घेऊन वेषांतर करून त्याला मारायला परततो. मुलगा आला, नमस्कार केला आणि टाळ्या थांबेपर्यंत शांत उभा राहिला. नंतर त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा नाटकगृह चिडीचूप झालं.

पुढचे चार महिने लंडनमध्ये दुसरा विषय नव्हता. कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन या दोन्ही नाटकगृहांत तो आलटून पालटून काम करत होता. सुरुवातीला रात्रीचे पन्नास गिनी ठरले होते, ते लवकरच शंभरावर गेले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळी इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण दहा ते पंधरा शिलिंग मिळत. म्हणजे मुलाची एका रात्रीची कमाई ही मजुराची तीन-चार वर्षांची कमाई झाली. ड्रुरी लेनने पहिल्या २८ रात्रींत १७,२१० पौंडांचा गल्ला केला. सरासरी रात्रीला सहाशे पौंडांहून जास्त.

डिसेंबरमध्येच तो आजारी पडला तर तब्येत कशी आहे हे कळवणारं पत्रक दारावर लावावं लागलं. राजाने त्याला बोलावून राणीशी ओळख करून दिली. ओपीने त्याचं नॉर्व्हलच्या वेषातलं चित्र काढलं. नॉर्थकोटने त्याला हॅम्लेटच्या काळ्या पोशाखात शेक्सपियरच्या अर्धपुतळ्याशेजारी उभं केलं. हॅरो शाळेत शिकणारा बायरन जीव धोक्यात घालून त्याला अनेकदा पाहून आला. मार्च १८०५ मध्ये त्याने हॅम्लेट केला, तेव्हा पंतप्रधान पिट यांनी खासदारांना जाता यावं म्हणून संसदेचं कामकाज आवरतं घेतलं, ही गोष्ट त्या हंगामाची खूण म्हणून आजही सांगितली जाते. प्राचीन रोममध्ये रॉशिअस नावाचा थोर नट होऊन गेला होता. इंग्लंडने हे नाव आधी गॅरिकला दिलं होतं. आता बेटीला 'यंग रॉशिअस' म्हणू लागले.

वेडामागचा हिशेब

इथपर्यंतचा तपशील मला त्या जुन्या लेखाच्या वेळीही ठाऊक होता. यावरून शहर खुळावलं होतं एवढंच मी म्हटलं आणि पुढे गेलो. आता वाटतं, शहरं अशी उगाच खुळावत नाहीत. मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण पैशाचं. सतराव्या शतकातल्या राजाज्ञेमुळे लंडनमध्ये संवादप्रधान नाटकं हिवाळ्याच्या हंगामात करण्याचा हक्क फक्त कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन या दोनच नाटकगृहांना होता. स्पर्धा नव्हती, म्हणून १७९० च्या दशकात दोघांनी प्रचंड इमारती उभ्या केल्या. ड्रुरी लेनमध्ये साडेतीन हजारांच्या वर माणसं बसत. एवढं नाटकगृह रोज भरायचं कसं? शेरिडनचं ड्रुरी लेन कर्जात बुडालेलं होतं. अशा वेळी रोज सहाशे पौंड आणणारा मुलगा म्हणजे कलावंत नंतर, आधी सावकाराला द्यायचं उत्तर.

दुसरं कारण युद्धाचं. १८०४ मध्ये नेपोलियनचं सैन्य बुलोन्यच्या किनाऱ्यावर इंग्लंडवर चालून येण्याच्या तयारीत तळ ठोकून होतं. बेटीने लंडनमध्ये पहिलं पाऊल ठेवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, पॅरिसच्या नोत्रदाममध्ये नेपोलियनने स्वतःच्या हाताने सम्राटाचा मुकुट डोक्यावर चढवला. गादी बळकावणाऱ्याला एक कोवळा राजपुत्र मारतो, हे पाहताना कॉव्हेंट गार्डनमधल्या माणसांच्या मनात बार्बारोसाच्या जागी कुणाचा चेहरा असेल, हे वेगळं सांगायला नको. 'पिझारो'तला रोलासुद्धा परक्या आक्रमकाविरुद्ध लढणारा वीर आहे.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ते नाटकाच्या आतलं आहे. त्या वर्षी जॉन केम्बल सत्तेचाळीस वर्षांचा होता, सेरा सिडन्स एकोणपन्नास वर्षांच्या. दोघं थोर, पण तरुण भूमिका तरुण देहात पाहायची सवयच प्रेक्षकांना उरली नव्हती. नॉर्व्हल हा मेंढपाळाच्या घरी वाढलेला पोरगेला तरुण आहे. ॲखमेत आणि रोमिओ तसेच. बेटीने त्या भूमिका केल्या तेव्हा लोकांना पहिल्यांदाच लेखकाने लिहिलेलं वय डोळ्यांनी दिसलं. म्हाताऱ्या होमचं बोलणं या दृष्टीने वाचलं की ती खुळ्या गर्दीतली वाहवा राहत नाही. लेखक म्हणून त्याने एक नेमकी गोष्ट हेरली होती.

नटमंडळींना हे सगळं जड गेलं, ते साहजिक आहे. मुलगा हुशार आणि गोजिरा आहे, त्यापलीकडे काही नाही, असं सिडन्सबाईंचं मत होतं. नटी डोरा जॉर्डन यांनी लहान मुलांची ही लाट पाहून हेरोद राजाचे दिवस परत यावेत असं म्हटल्याचं सांगतात. हेरोद म्हणजे बेथलेहेममधली बाळं मारवणारा बायबलमधला राजा. थट्टा कडवट आहे, पण वीस-वीस वर्षं घासून तयार झालेल्या नटांनी पोराच्या मागे उभं राहून पडेल ती भूमिका करायची, हा अपमानही खराच होता.

लाट ओसरली तेव्हा

बेटी चालला म्हटल्यावर लहान मुलांचा बाजार मांडला गेला. नोव्हेंबर १८०५ मध्ये कॉव्हेंट गार्डनने मिस म्यूडी नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला 'द कंट्री गर्ल'मधल्या लग्नाच्या बाईची भूमिका दिली. शेजारी पूर्ण वाढीचे नट. प्रेक्षकांनी हुर्यो सुरू केली. मुलगी पुढे आली आणि आपण काही वाईट केलेलं नाही असं तिने लोकांना सांगितलं. हुर्यो थांबली नाही. शेवटी तिची भूमिका दुसऱ्या नटीकडून पुरी करून घ्यावी लागली. आठ वर्षांची मुलगी हजारो माणसांसमोर उभी राहून स्वतःची बाजू मांडते आहे, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिला तिथे उभं कुणी केलं, हा प्रश्न हुर्यो करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारला असेल.

बेटीच्या बाबतीतही त्याच हिवाळ्यात वारं फिरलं. चौदा वर्षांचा मुलगा आता वाढत होता. त्याच्या अंगावर रिचर्ड तिसरा चढवला गेला. रिचर्ड हा कपटाने मुरलेला, मनाने वाकडा झालेला प्रौढ माणूस आहे. नॉर्व्हलमध्ये जे वय जमेची बाजू होतं, तेच इथे उणं झालं. लोकांनी शिट्या मारल्या. वर्षभरापूर्वी ज्या नाटकगृहात माणसं बेशुद्ध पडत होती, तिथे आता बाकं रिकामी राहू लागली.

मुलाची कला वर्षभरात खालावली असं मानायला मला आधार दिसत नाही. आधी त्याला त्याच्या वयाच्या भूमिका दिल्या होत्या, नंतर जास्त तिकिटं खपावीत म्हणून वयाबाहेरच्या दिल्या गेल्या. आणि लंडनला स्वतःचीच लाज वाटू लागली होती. आपण एवढे वेडे कसे झालो, याचं उत्तर स्वतःला देण्यापेक्षा मुलाला फसवा ठरवणं सोपं होतं.

बेटीने पुढची दोन-अडीच वर्षं लंडनबाहेर काम केलं. तिथे त्याला अजून गर्दी होत होती, पैसेही चांगले मिळत होते. मार्च १८०८ मध्ये बाथ इथे बालनट म्हणून त्याने शेवटचा प्रयोग केला. वय सोळा. त्याच उन्हाळ्यात त्याने केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात नाव घातलं. इतर मुलं जिथून आयुष्य सुरू करतात, तिथे हा मुलगा एक आयुष्य संपवून पोचला होता.

दुसरा डाव

१८११ मध्ये वडील वारले. बेटीने कॉलेज सोडलं आणि तो श्रॉपशरमध्ये वेम गावाजवळ शेतावर राहायला गेला. तिथल्या घोडेस्वार दलात तो कॅप्टनही होता. योगायोग असा की याच वेम गावात निबंधकार विल्यम हॅझलिटचं बालपण गेलं होतं. बेटीच्या अभिनयाबद्दल सर्वांत जिव्हाळ्याने लिहिणाऱ्यांत हॅझलिट आहे. बेटीचा डग्लस त्याने पाहिला होता. तो अभिनय अजब होता तितकाच सुंदरही होता, हे त्याने कितीतरी वर्षांनी, लाट पूर्ण ओसरल्यावर लिहिलं. तेव्हा बेटीची स्तुती करून कुणाचा काही फायदा होणार नव्हता. म्हणून मला ती साक्ष मोलाची वाटते. राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्सने बेटीचा हॅम्लेट पाहताना हा गॅरिकपेक्षा सरस आहे असे उद्गार काढल्याचं कवी सॅम्युएल रॉजर्स सांगतो. फॉक्सने गॅरिक पाहिलेला होता. मी गॅरिकवर लेख लिहिताना ही नोंद वाचली होती आणि अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली होती.

फेब्रुवारी १८१२ मध्ये, विसाव्या वर्षी, बेटी बाथच्या रंगमंचावर परत आला. नोव्हेंबरमध्ये कॉव्हेंट गार्डनला त्याने पुन्हा तोच ॲखमेत केला. लोक आले ते जुन्या आठवणीपोटी, आणि समोर दिसला एक धष्टपुष्ट तरुण माणूस. ज्या मुलाला पाहायला ते आले होते तो तिथे नव्हता. लंडनमध्ये जम बसला नाही. दोनच वर्षांनी, जानेवारी १८१४ मध्ये, एडमंड कीन ड्रुरी लेनला शायलॉक म्हणून उभा राहिला आणि लंडनला नवा नट मिळाला. बेटी गावोगाव काम करत राहिला.

त्या काळात त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत बर्मिंगहॅमच्या मॅक्रीडीचा मुलगा होता. हा विल्यम चार्ल्स मॅक्रीडी पुढे इंग्लंडचा आघाडीचा नट झाला. कुणाची फुकट स्तुती करणारा माणूस तो नव्हता. त्याच्या रोजनिशीत भल्याभल्यांवर ताशेरे आहेत. बेटीबद्दल मात्र त्याने आपल्या आठवणींत सहानुभूतीने लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : या माणसात खरी ताकद होती, तो नव्या नावाने, नवखा म्हणून आला असता तर टिकला असता, पण मुलासाठी आपण जो अतिरेक केला त्याचा राग लोक या मोठ्या माणसावर काढत होते. मी माझ्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं की दोनशे वर्षांनंतर मीही तेच केलं होतं.

९ ऑगस्ट १८२४ रोजी साउथॅम्प्टनला बेटीने रंगभूमीचा निरोप घेतला. तेव्हा त्याला तेहतीसही पूर्ण नव्हती. त्यानंतर तो आणखी पन्नास वर्षं जगला. लहानपणी मिळवलेल्या पैशावर संसार नीट चालला. त्याचा मुलगा हेन्री नट झाला. नॉर्थकोट, कीन, सिडन्स असे सगळे जण एकेक करून गेले. २४ ऑगस्ट १८७४ रोजी लंडनमध्ये तो वारला, तेव्हा त्याला लहानपणी पाहिलेलं माणूस शोधूनच काढावं लागलं असतं. हायगेटच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

मुलाची बाजू

मराठी वाचकाला हा सगळा मामला अनोळखी वाटणार नाही. आपल्या रंगभूमीवर लहान वयात आलेल्या गायक नटांच्या नावाआधी 'मास्टर' हा इंग्रजी शब्द लागला तो कायमचा. इंग्रजीत अल्पवयीन मुलाला मास्टर म्हणायचं. मोठा झाला की मिस्टर. बेटीला 'मास्टर बेटी' म्हणत ते याच अर्थाने. आपल्याकडे मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव मोठे झाले तरी मास्टरच राहिले, आणि त्यात आदर मिसळला. बेटीच्या बाबतीत तो शब्द चिकटला तो असा की मिस्टर बेटी कुणाला नकोच होता.

त्याच्या काळात मुलाने रात्री किती वाजेपर्यंत काम करावं, आजारी असताना करावं की नाही, कमाई कुणाच्या नावावर राहावी, याबद्दल इंग्लंडमध्ये कायदा नव्हता. गिरणीतल्या मुलांसाठी कायदे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊ लागले, रंगभूमीवरच्या मुलांची पाळी फार उशिरा आली. १८८९ च्या बालसंरक्षण कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना नाटकात कामाला लावायला बंदी घातली आणि त्यावरच्या मुलांसाठी परवान्याची सोय केली. बेटी जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. आज ब्रिटनमध्ये मुलाच्या कामाचे तास, विश्रांती, शिक्षण, सोबतीला जबाबदार माणूस, हे सगळं स्थानिक प्रशासनाच्या परवान्यात लिहिलेलं असतं.

कायद्याने जे सुटत नाही ते प्रेक्षकांकडे उरतं. बेटीच्या बापाला, मॅनेजरांना, हफला काय हवं होतं हे कागदांवरून कळतं. सिडन्सबाईंना काय वाटलं ते कळतं. पिटमध्ये उडी मारणाऱ्याला काय हवं होतं तेही कळतं. मुलाला काय हवं होतं याची नोंद एकच : नट झालो नाही तर मरून जाईन. आणि तीही इतरांनी लिहिलेली. पहिल्या रात्री बापाने सैन्यातून वाट काढत त्याला नाटकगृहात नेलं तेव्हा, किंवा रिचर्डच्या वेषात शिट्या ऐकताना तो काय विचार करत होता, हे त्याला त्या वेळी कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १८७४ ला, लंडनच्या लायसियममध्ये हेन्री आयर्व्हिंगने हॅम्लेट केला आणि तो सलग दोनशे रात्री चालला. आयर्व्हिंग तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. कित्येक वर्षं लहानमोठ्या गावांतून, शेकडो भूमिका करून, अनेकदा आपटून तो तिथवर आला होता. पडायला आणि पुन्हा उभं राहायला त्याला वेळ मिळाला होता. बेटीला तो मिळाला नाही, एवढाच या दोघांतला फरक आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या त्या लेखात बेटीबद्दल दोनच ओळी लिहायच्या होत्या, तर त्यांतली एक मी या फरकाबद्दल लिहायला हवी होती.